जुनी पेटी घेताना: काय बघायचं, काय ऐकायचं, किती पैसे द्यायचे

पहिली जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, मी पॉलिश बघून घेतली. संध्याकाळची वेळ, बाहेर पाऊस. विकणाऱ्याने सगळे स्टॉप (हवा सुरांपर्यंत सोडणाऱ्या पुढच्या खुंट्या) उघडून एका भजनाची चाल वाजवून दाखवली, खोली आवाजाने भरून गेली आणि मी पैसे मोजून मोकळा झालो. घरी येऊन खर्जाचे, म्हणजे जाड आवाजाचे, सूर एकेक करून वाजवले, तेव्हा मधल्या सप्तकातले तीन सूर भलत्याच गळ्याचे निघाले. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी आतली सुरांची, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभांची, फळी काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "अहो, तुम्ही लाकूड विकत आणलंत. सूर बघितलेच नाहीत."

त्यानंतर स्वतःसाठी आणि शिकणाऱ्या मुलांसाठी बऱ्याच जुन्या पेट्या, तबले आणि दोन तानपुरे पाहिले, काही घेतले, बरेचसे सोडून दिले. या सगळ्यातून एकच गोष्ट हाती लागली. जुन्या वाद्यात जे पुन्हा मिळत नाही त्याचे पैसे द्यायचे, आणि जे बदलता येतं त्याचा खर्च किमतीतून वजा करायचा. पेटीत सूर, तबल्यात खोड (लाकडी अंग), तानपुऱ्यात भोपळा आणि दांडी. बाकी भाता, कातडं, पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं), तारा, पॉलिश हे सगळं कारागीर करून देतो.

शोधायला निघण्याआधी

आधी स्वतःची पट्टी, म्हणजे कुठल्या सुराला सा धरून गाता ते, ठरवा. पुरुष गायक बरेचदा काळी एकच्या (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास गातात, बायका काळी चार किंवा काळी पाचला. पेटीला याने फारसा फरक पडत नाही, कारण तिच्यावर सगळ्या पट्ट्या असतात. तबला आणि तानपुऱ्याला मात्र सगळा फरक यानेच पडतो. काळी एकचा तबला स्वस्त मिळाला म्हणून काळी चारला गाणाऱ्या मुलीसाठी आणला, तर तो कपाटावरच जाणार. गुरुजींना किंवा बाईंना विचारून पट्टी कागदावर लिहून घ्या.

पेटीच्या बाबतीत ठरवायचं ते असं. नुकतंच शिकायला लागलेल्याला दोन सुरांची, म्हणजे बोटाने दाबायच्या प्रत्येक पट्टीमागे खर्ज आणि नर (मधल्या आवाजाचा) असे दोन सूर असलेली पेटी पुरते. तीन सुरांची (खर्ज, नर आणि बारीक आवाजाची मादी) आवाजाला भरदार, पण जड, आणि जुनी असेल तर दुरुस्तीही तेवढीच जास्त. सप्तकं तीन, सव्वातीन किंवा साडेतीन. गायला बसणाऱ्याला तीन सप्तकं, म्हणजे ३७ पट्ट्या पुष्कळ झाल्या. साथ करायची असेल तर साडेतीन, म्हणजे ४२ पट्ट्यांची बघा.

स्केल चेंजर पेटी जुनी घेऊ नका, असं मी पहिल्यांदा घेणाऱ्याला स्पष्ट सांगतो. तिच्यात सगळ्या पट्ट्यांची ओळ सरकते. वर्षानुवर्षं वापरलेल्या पेटीत ते सरकणं सैल पडतं, पट्टी आपल्या सुराच्या भोकावर नीट बसत नाही आणि हवा गळते. चांगल्या स्थितीतली जुनी स्केल चेंजर असते, नाही असं नाही, पण ती ओळखायला कान आणि हात दोन्ही तयार लागतात. सूटकेससारखी मिटणारी फोल्डिंग पेटी घ्यायला हरकत नाही. फक्त तिचे बिजागर आणि कड्या दहा वेळा उघडझाप करून बघा.

कुठे मिळतात

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजार, तिथली मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावर वेगळा बाजार लागतो. दोन्हीकडे हिंडायला मजा येते, पण वाजवता येईल अशी पेटी तिथे क्वचित मिळते. शोभेची म्हणून सजवलेली, आतले सूर काढून विकलेली पेटी मी तिथे पाहिली आहे. दिवाणखान्यात ठेवायला ठीक, शिकायला नाही.

खरी जुनी पेटी घरात असते. मराठी घरांत नाट्यसंगीत, भजन, कीर्तन यांमुळे पेटी टिकली. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर तिला बंदी होती, तरी वाड्यांत आणि देवळांत ती वाजतच राहिली. वाजवणारं माणूस गेलं की तीच पेटी माळ्यावर जाते आणि घर पुनर्विकासाला निघालं की खाली येते. या पेट्यांची खबर सगळ्यात आधी दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला लागते. म्हणून माझा पहिला सल्ला हाच की गावातला किंवा शहरातला एक चांगला पेटी दुरुस्त करणारा गाठा, आपली गरज आणि हातातले पैसे सांगून ठेवा, आणि महिन्याने पुन्हा विचारा. त्याने स्वतः सूर लावलेली पेटी तो सुचवत असेल तर निम्मी तपासणी तिथेच झाली.

दुसरी जागा म्हणजे गाण्याचे क्लास. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात. परीक्षा झाली की काही मुलं सोडतात, काही मोठं वाद्य घेतात. त्या सुमारास क्लासच्या बाईंना फोन करा. दोन-तीन वर्षं वापरलेलं, बिल असलेलं वाद्य इथेच मिळतं. गणपतीच्या तोंडावर मात्र खरेदीला जाऊ नका. तेव्हा प्रत्येक भजनी मंडळाला पेटी आणि पखवाज हवा असतो, आणि भाव कोणीच सोडत नाही.

ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवरही चांगली वाद्यं येतात, फक्त धीर हवा. "हार्मोनियम" एवढंच शोधू नका. "पेटी", "बाजा", "संगीत पेटी" अशी नावं घालून बघा. ज्याला वाद्यातलं काही कळत नाही तो असंच काहीतरी लिहितो, आणि किंमतही बरेचदा तोच वाजवी सांगतो.

फोनवर विचारायचे प्रश्न

जाण्याआधी पाच मिनिटं बोला. पेटी शेवटची कधी वाजवली? कोण वाजवायचं? दुरुस्ती कुठे आणि कधी केली? ठेवली कुठे होती, माळ्यावर की कपाटात? घर समुद्राजवळ आहे का? मालकाला उत्तरं येत नसली तरी चालेल, पण तो टाळतोय का हे कळतं. मग एक व्हिडिओ मागवा. एकच स्टॉप उघडा ठेवायचा आणि डावीकडच्या पहिल्या पट्टीपासून उजवीकडच्या शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक पट्टी सावकाश दाबायची. गाणं वाजवून पाठवलं तर ते ऐकून काही ठरवू नका. चांगला वाजवणारा मोडकी पेटीही गोड वाजवतो.

पेटी समोर आल्यावर

दिवसाउजेडी जा. सोबत बारीक टॉर्च, मोबाइलमधलं तानपुऱ्याचं आणि ट्यूनरचं ॲप, पातळ कागद आणि स्क्रू-ड्रायव्हर न्या. पेटी गादीवर न ठेवता सपाट जमिनीवर ठेवा.

आधी भाता. सगळे स्टॉप बंद करा, पट्टी एकही दाबू नका, आणि चार-पाच वेळा भाता मारा. आतला भाता भरला की हाताला विरोध जाणवायला हवा. हात सैल सोडल्यावर बाहेरचा भाता लगेच मऊ पडला, तर हवा कुठूनतरी जाते आहे. मग एक स्टॉप उघडून मधली एकच पट्टी दाबून ठेवा आणि भाता न मारता मनात मोजा. माझं माप असं की एका भरलेल्या भात्यावर सूर सावकाश पंधरा-वीस मोजेपर्यंत टिकावा. दहाच्या आत विझला तर भाता किंवा आतलं कातडं बदलावं लागेल हे धरून चाला. भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांवर गाल नेऊन बघा. बोटाला न कळणारी हवा गालाला कळते.

भाता गळणं हे पेटी नाकारण्याचं कारण नाही. कारागीर तो नवा करून देतो आणि त्याचा खर्च आधी विचारता येतो. म्हणून इथे घाबरायचं नाही, फक्त कागदावर लिहायचं.

मग स्टॉप उघडे ठेवून, पट्टी न दाबता भाता मारा. कुठला सूर आपोआप "सूं" करत राहिला तर त्या पट्टीखालचं कातडं कडक झालंय किंवा पट्टीची स्प्रिंग थकली आहे. हेही दुरुस्त होतं. पट्ट्यांवरून डोळा सपाट धरून बघा. सगळ्या एका पातळीत आहेत का, कुठली खाली बसली आहे का? बोट फिरवताना शेजारच्या पट्टीला घासते का? उन्हाळ्यात पेटी गळते, पावसाळ्यात अडते. लाकूड कोरडं पडलं की फटी रुंदावतात, दमट हवेत पट्ट्या फुगून एकमेकींना अडकतात. म्हणून मे महिन्यात थोडी गळणारी पेटी आणि जुलैत दोन पट्ट्या अडणारी पेटी, दोन्हीला थोडी सूट द्या. कोकणातली पेटी देशावर आणली किंवा उलट नेली, तर तिला हे दोन्ही त्रास होऊ शकतात.

आता सूर. इथे घाई केली की माझ्यासारखं होतं. सगळे स्टॉप बंद करा आणि एकच ओळ उघडा, आधी खर्ज. प्रत्येक पट्टी अगदी हळू भात्यावर दाबा. चांगला सूर हळू हवेवरही लगेच बोलतो. उशिरा बोलणारा, आधी श्वास टाकून मग बोलणारा, खरखरणारा, किंवा जोरात हवा दिल्यावरच जागा होणारा सूर लिहून ठेवा. बरेचदा सुराखाली केसासारखी धूळ अडकलेली असते आणि साफ केली की तो ठीक होतो, पण तशा पट्ट्या दहा-बारा निघाल्या तर विचार करा. मग फक्त नर वाजवा. मग खर्ज आणि नर दोन्ही एकदम. दोघांमध्ये थरथरणारी लाट ऐकू आली तर ते एकमेकांशी जुळलेले नाहीत.

ट्यूनरवर पांढरी सहा बघा. ती ४४० हर्ट्झच्या आसपास असेल तर पेटी आजच्या इतर वाद्यांबरोबर वाजेल. सगळी पेटी सारखीच वर किंवा खाली असेल तर एकट्याने गायला काही अडत नाही, पण क्लासमध्ये आणि साथीला अडतं. एक सावधगिरी मात्र ठेवा. काही पेट्या गांधार ट्यूनिंगमध्ये लावलेल्या असतात, म्हणजे एका ठरावीक पट्टीला नैसर्गिक स्वरांत. अशा पेटीवर मोबाइलचा ट्यूनर काही स्वर सरळसरळ बेसूर दाखवतो. प्रत्यक्षात कुणीतरी कान देऊन ती लावलेली असते. त्यामुळे ट्यूनरने नाही म्हटलं तरी मालकाला विचारा, इथे कुठल्या पट्टीला गायलं जायचं? त्या पट्टीचा तानपुरा लावून गांधार धरा. तो तानपुऱ्यात मिसळून गेला तर पेटी बिघडलेली नाही, एका गायकासाठी लावलेली आहे.

आत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

विकणारा नको म्हणाला तर नमस्कार करून निघायचं, इतकं हे मला महत्त्वाचं वाटतं. वरचं झाकण आणि पट्ट्यांवरची आडवी फळी काढली की निम्मं दिसतं. सुरांची फळी बाहेर काढता आली तर सगळंच दिसतं. काढता येत नसेल तर ज्याला येतं त्याला बरोबर न्या, जबरदस्ती करू नका.

सूर म्हणजे पितळेच्या पट्टीवर एका टोकाला ठोकलेली पितळेची जीभ. ती लावताना कारागीर घासतो. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. दर वेळी थोडा धातू जातो. म्हणून टॉर्च तिरपा धरून जिभांवरच्या खुणा बघा. बारीक, शिस्तीत मारलेल्या दोन-चार रेघा म्हणजे नेहमीचं ट्यूनिंग. जीभ ओरबाडलेली, चमकणारी, मध्ये पातळ झालेली दिसली तर तो सूर फार दिवस राहत नाही. एखादाच सूर बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असेल तर तो नंतर बदललेला आहे. एक-दोन बदललेले असणं चालतं. माझ्या पहिल्या पेटीतले ते तीन तसेच होते, आणि भलत्या पेटीतले आणून बसवलेले.

"जर्मन सूर आहेत", "पॅरिसचे सूर आहेत" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक तिसऱ्या घरात ऐकू येईल. खरोखरच जर्मन आणि फ्रेंच सूर असलेल्या जुन्या पेट्या आहेत, आणि त्यांच्या गोडव्याची वाखाणणी उगाच होत नाही. तसंच गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर, तेही अनेक उत्तम पेट्यांत आहेत. पण छाप बघून जास्त पैसे देऊ नका. परदेशी म्हणून सांगितलेल्या दोन पेट्या मी ऐकल्या, दोन्ही कोरड्या. कान जो सांगतो त्याचे पैसे द्या. कारखानदाराच्या नावाला मात्र किंमत आहे. दादरच्या हरिभाऊ विश्वनाथांची किंवा कोलकात्याच्या पाकरशींची पाटी असेल तर पुढे विकतानाही भाव येतो. पाटी खरी आहे ना, एवढं जाणत्याकडून बघून घ्या.

आतल्या कोपऱ्यांत बारीक पिवळट भुसा दिसला तर लाकूड किडतंय. बोटाने दाबून बघा. लाकूड आत गेलं तर पेटी सोडून द्या. वाळवी आणि कीड दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो. उंदरांनी भात्याचं कातडं कुरतडलं असेल तर तो फक्त खर्चाचा भाग.

आणि एक गोष्ट शोधा. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मी एक पेटी बघायला गेलो होतो. आजींनी ती जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवली होती, चार पदर सोडवताना कापराचा वास आला. आतली फळी काढली तर लाकडावर पेन्सिलीने तारखा होत्या. पहिली १९६८ ची, मग मधूनमधून आणखी चार. शेवटची १९९१, आणि पुढे दोन शब्द: सूर केले. कारागीर असं लिहून ठेवतात. त्या पाच तारखांवरून कळलं की पेटी नियमाने लावली जात होती, फार घासली गेली नव्हती, आणि जवळजवळ तीस वर्षं बंद होती. सूर साफ केल्यावर निघाले तसेच, एकसारखे, मऊ. भाता मात्र नवा करावा लागला. आजींनी जी किंमत सांगितली ती इतकी कमी होती की मला ती देववली नाही. दुरुस्तीचा अंदाज त्यांच्यासमोर फोन करून विचारला, तो वजा करून जी रास्त वाटली ती सांगितली आणि तेवढीच दिली. ज्याला भाव माहीत नाही त्याला तो सांगावा, असं मी मानतो. वाद्य पुढे ज्यांच्या हातून येतं त्यांच्याशी खोटं वागून ते गोड वाजत नाही.

तबला-डग्गा

इथे बरेच जण पुडी बघून भुलतात. नवी, पांढरीशुभ्र पुडी आणि कुळकुळीत शाई. पण पुडी ही झिजणारी वस्तू आहे, नेमाने रियाज करणाऱ्याला ती बदलावीच लागते. बघायचं ते खोड. शिसवीचं किंवा खैराचं जड खोड असेल तर ते पिढ्यान् पिढ्या जातं. दोन्ही हातांनी उचलून बघा. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर लाकूड हलक्या जातीचं किंवा आतून जास्त कोरलेलं आहे. वाद्या (कातड्याच्या दोऱ्या) आणि गट्ट्यांच्या (त्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांच्या) मधून टॉर्च मारून उभा तडा शोधा. तडा भरून वर रंग दिलेला असेल तर नखाने कळतो, तिथे चकाकी वेगळी असते.

तोंडाचा व्यास मोजा. काळी एकच्या तबल्याचं तोंड साधारण पाच ते सव्वापाच इंची असतं, काळी चारसाठी मोठं लागतं, पावणेसहा-सहाच्या आसपास. लहान तोंडाचा तबला खाली उतरवला की गूंज जाते, मोठ्या तोंडाचा वर चढवायला गेलं की पुडी फाटते. म्हणून "हा कुठल्याही पट्टीला लागतो" या बोलण्यावर विश्वास ठेवू नका.

डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा, वजनदार हवा. पत्र्यासारखा हलका आणि वर चकचकीत मुलामा दिलेला डग्गा नवा असतानाही स्वस्तच असतो. पोचे आले असतील तर निघतात, पण बुडाशी डाग देऊन सांधलेलं दिसलं तर ठोकून ऐका, आवाज फुटका येतो का. वाद्या कोरड्या पडून चिरल्या असतील तर त्या बदलाव्या लागतील. दोन्ही पुड्या आणि वाद्या यांचा खर्च आधी विचारून ठेवा आणि तो पुरता वजा करा, पुड्या चांगल्या दिसत असल्या तरी निम्मा तरी वजा कराच.

पखवाज आणि मृदंगाचंही असंच. ते घ्यायचे असतील तर आळंदीला जा. तिथल्या दुकानांत टाळ, वीणा, पखवाज यांचीच उलाढाल आहे, आणि जुन्या खोडावर नवं कातडं चढवून देणारे हात तिथे आहेत.

तानपुरा

जुना तानपुरा म्हटलं की मिरज. तिथली वाद्यं बनवायची परंपरा दीडशे वर्षांच्या वरची आहे, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात, आणि मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. चांगला भोपळा पुन्हा मिळेलच असं नसतं, त्यामुळे जुना तानपुरा पारखून घेतला तर तो नव्यापेक्षाही गोड लागू शकतो.

डोळा खुंट्यांपाशी लावून दांडीवरून खाली घोडीपर्यंत (तारा जिच्यावर टेकतात तिथपर्यंत) बघा, तार आणि दांडी यांच्यामधलं अंतर सरळ जातं का. दांडी वाकलेली असेल तर तो तानपुरा सोडा, ती सरळ करणं मोठं काम आहे. गळ्याचा जोड, जिथे भोपळा आणि दांडी मिळतात, तिथे बारीक भेग आहे का बघा. भोपळा पोरांच्या डोक्यावर टिचकी मारतो तसा सगळीकडे हलकेच वाजवा. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आत तडा आहे. खुंट्या घसरत असतील, मणी हरवले असतील, तारा गंजल्या असतील, जवारी (घोडी घासून तारेला आणलेली गुंज) बंद झाली असेल, हे सगळं किरकोळ. जवारी तर नव्या तानपुऱ्यालाही काढून घ्यावीच लागते. तारा जुन्या म्हणून आवाज बसका वाटला तर लगेच नाही म्हणू नका, एक नवी तार लावून ऐका.

दुसऱ्या गावाहून आणायचा असेल तर सामान म्हणून पाठवू नका. स्वतः जाऊन, गादीत गुंडाळून, मांडीवर किंवा शेजारच्या आसनावर ठेवून आणा. जास्तीचं तिकीट भोपळ्यापेक्षा स्वस्त पडतं.

किंमत कशी ठरवायची

तीन आकडे कागदावर लिहा. पहिला, त्याच प्रकारच्या नव्या वाद्याची आजची किंमत. ती बनवणाऱ्याला किंवा दुकानाला फोन करून विचारायची, मालक सांगतो ती "तेव्हा एवढ्याला घेतली होती" ही किंमत उपयोगाची नाही. दुसरा, तुमच्या यादीतल्या दोषांचा दुरुस्ती-खर्च, कारागिराकडून. तिसरा, वाहतूक.

माझी मर्यादा अशी की मागितलेली किंमत, दुरुस्ती आणि वाहतूक मिळून नव्याच्या साठ टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. त्यावर गेलं तर थोडे पैसे घालून नवं घेतलेलं बरं, त्याला निदान बनवणाऱ्याचा हात पाठीशी असतो. नामांकित कारखान्याची, सूर उत्तम असलेली पेटी एवढाच अपवाद. तिथे मी सत्तरपर्यंत गेलोय आणि पस्तावलो नाही.

घासाघीस करताना वाद्याला नावं ठेवू नका. "भात्याला एवढे लागतील, चार सूर साफ करायचे आहेत, म्हणून मी एवढे देऊ शकतो," असं यादी दाखवून सांगितलं की माणूस ऐकतो. घरात आजोबांची आठवण म्हणून जपलेल्या वस्तूला "खटारा" म्हटलं तर व्यवहार तिथेच संपतो, आणि तसं म्हणणं बरोबरही नाही.

फसवणूक आणि कायदा

न पाहिलेल्या वाद्यासाठी एक रुपयाही आगाऊ देऊ नका. "मी सैन्यात आहे, बदली झाली, पेटी कुरिअरने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका" हा नेहमीचा डाव आहे. तुम्ही विकत असाल तर लक्षात ठेवा, पैसे मिळवायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. बिल मागा. नसेल तर विकणाऱ्याचं नाव, तारीख, वाद्याचं वर्णन आणि रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्या. चोरीचं वाद्य माहीत असून घेणं हा गुन्हाच आहे.

जुन्या वाद्यांत आणखी एक अडचण असते. काही जुन्या ऑर्गन-पेट्यांच्या पट्ट्यांवर हस्तिदंत असतो, जुन्या सतारींच्या आणि तानपुऱ्यांच्या घोड्या सांबरशिंगाच्या असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली यांचा व्यापार चालत नाही. गोव्यातल्या घुमट या मातीच्या तालवाद्याला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण घोरपडीचं कातडं लावलेलं जुनं घुमट विकत घेता येत नाही. आता ती बकरीच्या कातड्याची मिळतात, तीच घ्या. परदेशातल्या मुलासाठी किंवा भाचीसाठी जुनं वाद्य नेणार असाल तर हे आधी तपासाच, विमानतळावर वाद करून उपयोग नसतो.

घरी आणल्यावर

आणल्या आणल्या ट्यूनरवाल्याला बोलावू नका. नव्या घरातली हवा लाकडाला लागू दे, दोन-तीन आठवडे जाऊ देत. भिंतीला टेकवून, खिडकीखाली किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका. रोज दहा मिनिटं, खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजवा. बंद पडलेले काही सूर एवढ्यानेच मोकळे होतात. बोलत नाही म्हणून सुरी किंवा टाचणी आत घालू नका, जीभ वाकली की गेली. पावसाळ्यात झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पेटी कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आत घाम धरतो.

मग कारागिराला घरी बोलवा, शक्य असेल तर समोर बसून त्याचं काम बघा. आधी भाता आणि कातडं, मग पट्ट्या, सूर सगळ्यात शेवटी, याच क्रमाने करून घ्या. हवा गळत असताना लावलेले सूर भाता घट्ट झाल्यावर हलतात आणि पुन्हा घासावे लागतात. काम झालं की फळी परत बसवण्याआधी त्याच्या हातात पेन्सिल द्या आणि आत आजची तारीख लिहायला सांगा.